फिरायला आलेल्या मॅडम

मी काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, आणि बायोडाटात लिहितात ती निमगोरी तर नाहीच नाही. भांडायला म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. खामगावात एका शाळेत भूगोल शिकवते. लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारण्याइतका आंधळा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आमच्या नात्यागोत्यात कुठल्याही मुलीला बघायला पाहुणे येणार असले की मला हमखास बोलावणं यायचं. चिखलीला चुलतबहिणीच्या मुलीसाठी गेले, वरवट बकालला लांबच्या मावसभावाच्या मुलीसाठी गेले. मी शिकलेली, चार माणसांत बोलता येतं, म्हणून बोलावतात अशी माझी समजूत होती. मला मुलीला अगदी खेटून बसवायचे. घरात एखादी गोरी बहीण असली तर तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवायचे आणि मला पुढं आणायचे. शेवटी वरवटला एका म्हातारीनं पाहुणे यायच्या आधी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हिले पोरीजवळ बसवा, पोरगी उजळ दिसते." सगळे हसले. मीही हसले आणि बशीतले पोहे संपवले. त्यानंतरही बोलावणी येत राहिली आणि मी जात राहिले. न जाऊन कारण काय सांगणार होते?

माझा धाकटा भाऊ जिनिंगमधला माणूस. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या धुळीतच खामगावला वाढला, तेच काम शिकला, आणि मग कुणा व्यापाऱ्याच्या ओळखीनं पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाच्या देशात एका जिनचा मॅनेजर होऊन गेला. वहिनीही गेली. त्यांची एकुलती एक मुलगी मात्र शिक्षणासाठी माझ्याकडं राहिली. दहावी, बारावी, बी.कॉम. सगळं तिनं माझ्या घरात केलं. तिचे केस मी विंचरले, तिची तापाची रात्र मी काढली. पोरगी आत्यावर गेली, असं सगळे म्हणत. नाक माझं, हसणं माझं, आणि रंगही माझाच. वहिनी हे वाक्य अशा सुरात म्हणायची की मी तिच्या घरातून काहीतरी पळवून नेलं असावं.

बी.कॉम. झाल्यावर एकामागून एक स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. मग वहिनीनं तिला आफ्रिकेला बोलावून घेतलं. वर्षभरानं भावानं मला तिकीट पाठवलं. म्हणाला, "ताई, आयुष्यभर नकाशे शिकवले, आता ये अन् पाहून जा." मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये मी स्वतःहून पेढे वाटले. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तिकडं तुम्ही गोऱ्या म्हणून खपाल." तेव्हाही सगळे हसले. वहिनीनं फोनवर सांगितलं की येताना जाडे पोहे, मेंदीचे कोन आणि तुमची ती पांढरी साडी आणा. पोहे समजले, मेंदी समजली. पांढऱ्या साडीचं कारण विचारायचं मला सुचलं नाही.

समुद्राजवळच्या शहरातून त्या गावाला मोटारीनं पूर्ण दिवस लागतो. शेवटच्या टप्प्यात रस्त्याकडेच्या झुडपांना कापूस चिकटलेला दिसायला लागला आणि मला एकदम जलंब–खामगाव रस्त्यावर आल्यासारखं झालं. गाव लहानसं. तांबड्या मातीचा एक मोठा रस्ता, एक मशीद, भावाची जिन, काचेच्या बाटल्यांतून पेट्रोल विकणारी टपरीवजा दुकानं, धूळ उडवत जाणाऱ्या मोटारसायकली, आणि मधोमध बाजार. थंडीचे दिवस होते, म्हणजे हरमॅटनचे. हा कोरडा वारा मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवते. प्रत्यक्षात तो ओठ फाडतो आणि दात घासून झाले तरी तोंडात माती राहते.

जिनच्या फाटकातून एक मुलगी पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला ओळखलं नाही. आवाज ऐकला तेव्हा ओळखलं. तिचा चेहरा गोरा झाला नव्हता, नुसता रंग काढून घेतलेला दिसत होता, पोपडे खरवडलेल्या भिंतीसारखा. गालांवर लाल बारीक शिरा उठल्या होत्या. कान मात्र जुन्या रंगाचे होते आणि बोटांची पेरं काळीच राहिली होती.

"काय झालं गं तुला?"

"काई नाही आत्या. क्रीम हाय. इथं साऱ्याच बाया लावतात."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ती मला हाताला धरून घेऊन गेली. मी खामगावचा बाजार पाहिलेली बाई, मला बाजाराचं कौतुक नाही, पण तिथं मी खरंच हरखले. वासराच्या पायाएवढे कंद रचून ठेवलेले, मोठाल्या पाट्यांतून टोमॅटो, वाळवलेली भेंडी, मिरचीचे ढीग. गुराखी जमातीच्या उंच बायका लाल सालीचं पनीर तिथंच कढईत तळून देत होत्या. तराजू कुठंच नव्हता. वाडग्यानं माप घालायचं, वर एक मूठ जास्तीची टाकायची. त्या जास्तीच्या मुठीसाठी चाललेली हुज्जत मला एका शब्दाचीही भाषा न कळता पूर्ण कळत होती.

मग पोरं मागं लागली. "बातुरे! बातुरे!" ओरडत टाळ्या पिटत दहा-बारा जणांची वरातच निघाली. एकीनं धावत येऊन माझ्या मनगटाला बोट लावलं आणि किंचाळत पळाली.

"काय म्हणतात गं?"

भाची हसायला लागली. "आत्या, तुले गोरी म्हणून राह्यले."

"कोणाला?"

"तुले! केस सरळ असले, साडीबिडी घातली, का इथं गोरीच."

आम्ही दोघी भर बाजारात पोट धरधरून हसलो. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. पुढच्या दुकानात दुकानदारानं एका म्हातारीला उठवून मला स्टूल दिलं, चहा दिला आणि मी बसले. म्हातारी माझ्याशेजारी उभी राहिली, गुडघे धरून, आणि तिच्यापेक्षा मी उजळ दिसत असणार हे माझ्या ध्यानात आलं. मी पाठ ताठ केली, पदर नीट केला आणि पुरता चहा होईपर्यंत उठले नाही. गोरं असणं म्हणजे काय असतं ते मला त्या स्टुलावर कळलं. फार काही करावं लागत नाही, दुसऱ्याला उभं ठेवलं की झालं.

बाजाराच्या शेवटच्या रांगेत निळ्या ताडपत्रीखाली एक बाई क्रीम विकत होती. तिचा चेहरा पिवळट आणि हात कोपरापासून खाली चट्ट्याचट्ट्यांचे. प्लास्टिकच्या वाडग्यात ती एका ट्यूबमधलं, दुसऱ्या बाटलीतलं असं काय काय पिळून कणीक कालवावी तसं कालवत होती. भाचीला बघून तिनं आधीच भरून ठेवलेली बाटली काढली. मग माझ्याकडं टक लावून पाहिलं, माझा हात उलटासुलटा केला, भाचीकडं बघून मान हलवत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"जाऊ दे ना."

"सांग."

"म्हणते, फोटोतली बाई हेच हाय ना." भाची बाटली पिशवीत घालत म्हणाली. "आईनं तिले तुहा फोटो दाखवला होता. म्हणे, पोरीचा रंग इथवर नाही जाऊ द्याचा."

घरी परतताना तिनं घड्याळ सरकवून मला मनगट दाखवलं. पट्ट्याखालची कातडी फाटली होती आणि महिना झाला तरी भरत नव्हती. उन्हात गेलं की तोंडाची आग होते, रात्री उशी टोचते. दवाखान्यातल्या नर्सनं हे ताबडतोब थांबव म्हणून दम दिला होता. पण क्रीमवालीकडं याहून जोरदार इंजेक्शनं होती आणि वहिनी ती विचारून आली होती.

"येत्या बाजाराच्या दिवशी पाहुणे येऊन राह्यले, आत्या. मुलगा अकोल्याचा. शेजारच्या देशात, टोगोत जिनवर हाय. त्याची आई आली हाय अकोल्याहून, त्याच्यापाशी. हे जमलं तर आई इंजेक्शनचं नाव नाही घेणार, असं बोलली. नाही जमलं तर..." तिनं घड्याळ परत जखमेवर ओढलं. "मले सुईचं लय भेव लागते."

संध्याकाळी मी भावासमोर बसले. तो जेवत होता. मी म्हणाले, पोरीची कातडी जळतेय, तुला दिसत नाही का? नर्स सांगते ते खोटं का? त्यानं घास गिळला आणि अगदी शांतपणे, मोठ्या बहिणीशी बोलावं तशा आदरानं मला म्हणाला, "ताई, तू शिकली, नोकरी केली, साऱ्या घराचं केलं. तुह्यं काय झालं? तिचं तसं व्हावं का?"

तो वाईट माणूस नाही, हे जास्त लागतं.

तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आली. "ताई, त्या दिवशी तुम्ही पांढरी साडी नेसजा. पोरीच्या डाव्या अंगाले बसजा, उजेड तिकडून येते."

आता मला तिकिटाचा अर्थ लागला. मी ताडकन उठले. म्हणाले, "वहिनी, बाजारात एवढ्या काळ्या बायका आहेत. त्यातली एखादी बसवायची होती. मला समुद्र ओलांडून कशाला आणलं?"

तिला माझा राग कळलाच नाही. तिनं प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. "त्या त्यांच्यातल्या, ताई. त्यांच्याकडं पाहून कोणी आपल्या पोरीले गोरी म्हणत नाही. आपल्यातलंच काळं लागते."

बसणार नाही, असं मी ठरवलं. डोकं दुखतं म्हणेन, खोलीत पडून राहीन. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी भाची माझ्या खोलीत आली. वहिनीनं तिच्या हातांवर मेंदी काढली होती, तळव्यांवर कमी आणि पेरांवर दाट, म्हणजे सांध्यांचा काळेपणा मेंदीत खपून जावा. ती पलंगावर बसली, ओल्या मेंदीचे हात अधांतरी धरून.

"आत्या, तू बस ना माह्याजवळ."

"तुला माहीत आहे मी कशाला बसते ते?"

"हाव." तिनं नजर चुकवली नाही. "तू बसली का जमते म्हणतात. साऱ्यांचं जमलं. माह्यं पण जमू दे."

मी पांढरी साडी नेसले.

पाहुणे दुपारी आले. मुलगा अबोल, आई पन्नाशीची, गोरीपान, चटपटीत. आफ्रिकेत जाड्या पोह्यांची बशी समोर आलेली पाहून ती खूश झाली. स्वयंपाक येतो का, कॉम्प्युटर येतो का, इकडं करमतं का, सगळं विचारून झालं. भाची खाली बघून उत्तरं देत होती. मी तिच्या डाव्या अंगाला होते आणि खिडकीतला उजेड, वहिनीनं सांगितल्याप्रमाणे, बरोबर आमच्या दोघींवर येत होता.

वहिनीचं गणित इथंच चुकलं. चिखलीला, वरवटला मी लांबची कोणीतरी होते. माझा काळेपणा माझ्यापाशीच राहत होता, मुलीला शिवत नव्हता. इथं मात्र एकच नाक दोन तोंडांवर शेजारी शेजारी ठेवलं होतं, तेही भर उजेडात. मुलाच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, मग भाचीकडं, मग परत माझ्याकडं. पोह्यांचा चमचा तिनं बशीत ठेवला.

"ह्या कोण? घरातल्याच का?"

वहिनीचं तोंड उघडंच राहिलं. भाऊ दाराकडं बघायला लागला. काय विचारलं गेलंय ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. क्रीमनं काय केलंय हेही त्या बाईच्या अर्धंमुर्धं लक्षात आलं असणार. आता फक्त रक्त कोणाचं एवढंच ठरायचं होतं.

भाचीनं मान वर केली. "नाही हो. ह्या खामगावच्या मॅडम हायेत. आमच्या ओळखीच्या. इकडं फिरायले आल्या, बाजार पाहायले."

आवाज जराही हलला नाही.

"नाही, म्हटलं तोंडवळा थोडा सारखा वाटला."

भाची हसली. माझंच हसणं हसली. "मॅडमच्या हाताखाली शिकली ना मी. म्हणून वाटत असंन."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. वहिनी पाहत होती, भाऊ पाहत होता. एकटी भाची पाहत नव्हती. ती आपल्या मेंदीच्या हातांकडं बघत होती आणि तिच्या मनगटावरची जखम बांगड्यांखाली नीट झाकलेली होती. मी एक शब्द बोलले असते तर बाजारच्या बाईची सुई तयार होती.

"हो," मी म्हणाले. "फिरायलाच आले. छान आहे हो बाजार तुमच्या इथला."

"तुमच्या इथला" हे मी माझ्या सख्ख्या भावाला म्हणाले. त्यानं मान डोलावली.

मुलाच्या आईचा जीव भांड्यात पडला. मग ती माझ्याशीही मोकळेपणानं बोलायला लागली. एकट्याच हिंडता का, ह्या लोकांची भीती नाही वाटत का, पाणी बाधलं नाही का. मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. बाजारात मला पोरं गोरी म्हणतात हेही सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना तिनं भाचीच्या हातावर साखर ठेवली, कुंकू लावलं, आणि उंबऱ्यातून वळून म्हणाली, "या, मॅडमलाही लावते, पाहुण्याच आहेत." मी कपाळ पुढं केलं.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर वहिनीनं लेकीला कवटाळलं. "वाघीण माही!" भाऊ मला म्हणाला, "ताई, तू समजदार हायेस म्हणून निभावलं." भाची त्या दिवशी माझ्याकडं आली नाही. दुसऱ्या दिवशी तेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्या डोक्याला तेल लावत बसली. "रागावली का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. मी रागावलेच होते. एवढी की तिचा हात झटकून टाकावासा वाटला, आणि त्याच वेळी तिची फाटलेली कातडी माझ्या मानेला लागत होती, म्हणून हात झटकला नाही.

लग्न अकोल्याला झालं. मी गेले नाही. पेपर तपासायचे आहेत असं शाळेत आणि गल्लीत सांगितलं. भावानं पत्रिका मात्र घरी येऊन दिली. निमंत्रकांत माझं नाव नव्हतं, आणि ते वगळताना किती जीव तुटला हे तो बराच वेळ सांगत बसला. सासरच्यांना कधी ना कधी कळणारच, पण एकदा गळ्यात मंगळसूत्र पडलं की मग कळलं तरी चालतं, असं वहिनीचं म्हणणं होतं. इंजेक्शन टळलं. क्रीम टळली नाही. अकोल्यात ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि आता सासूच आणून देते, कारण सून उन्हाळ्यात जरा उतरल्यासारखी दिसते म्हणे.

सासू देवळात गेली की भाची मला फोन करते. हळू आवाजात बोलते. मागच्या आठवड्यात केला तेव्हा आधी थोडी रडली, मग हसली, मग म्हणाली की दिवस गेलेत. मी इकडं एकटीच खुर्चीतून उठून उभी राहिले. काय खाऊ, काय नको, कोणत्या डॉक्टरकडं जावं, मी भराभरा सांगत सुटले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, क्रीम बंद केली डॉक्टरीणबाईनं. पोटातल्या जिवाले चांगली नाही म्हणे."

"बरं झालं. देव पावला."

"पण मले लय भेव लागते, आत्या."

"कशाचं?"

ती लहानपणी हट्ट करायची त्याच आवाजात म्हणाली, "लेकरू कोणावर जाईन? आत्या, तू रोज पूजा करतं. देवाले एवढं सांग ना माह्यासाठी. तुह्यावर नको जाऊ दे म्हणा."

सांगते, म्हणाले. फोन ठेवला, हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, आणि हात जोडून तेच मागितलं.